शिकारी, पारधी आणि हरिणीचा जामीन

मराठीत एकाच कामाला दोन शब्द आहेत. 'शिकार' फारसीतून आला, 'पारध' त्याआधीपासून इथलाच. संस्कृतातील 'पापर्द्धि', म्हणजे पापाची वाढ, या शब्दापासून पारध हा शब्द तयार झाला असे व्युत्पत्तिकार मानतात. कोशात दोन्हींचा अर्थ एकच दिलेला असतो. व्यवहारात मात्र तो एक राहिलेला नाही. 'शिकारी' म्हटले की बंदूक, मचाण आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो डोळ्यांपुढे येतो. 'पारधी' म्हटले की गावाबाहेरचे पाल दिसते, आणि अनेकांच्या मनात पाठोपाठ पोलीसही येतात. दोघेही रानात जाऊन जनावर मारणारे किंवा पकडणारे. तरी एकाची तसबीर दिवाणखान्यात लागली आणि दुसऱ्याचे नाव पोलीस चौकीच्या वहीत लागले.

ही फारकत एका दिवसात झालेली नाही. आपल्या कथांनी, तवारिखांनी आणि शेवटी सरकारच्या कायद्याने ती घडवली आहे. मुसलमान म्हणून आणि मराठी म्हणून या कथांचा दुहेरी वारसा आमच्याकडे आला आहे. म्हणून या शिकाऱ्याची थोडी चौकशी करावी असे आम्हांस वाटले.

सुरुवात अरबस्तानापासून करू. वाळवंटात शिकार हे पोटापाण्याचे साधन होते आणि मर्दुमकीचेही. पैगंबर मुहंमद (स.) यांचे चुलते हजरत हमजा हे नामांकित शिकारी. इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. खांद्यावर धनुष्य घेऊन ते शिकारीहून परतत होते. घरी जाण्यापूर्वी काबागृहाला प्रदक्षिणा घालण्याचा त्यांचा रिवाज होता. वाटेत त्यांना कळले की, अबू जहलने आपल्या पुतण्याचा अपमान केला आहे. ते तडक त्याच्याकडे गेले, हातातले धनुष्य त्याच्या डोक्यावर हाणले आणि आपण इस्लाम स्वीकारल्याचे तिथेच जाहीर केले. जनावरांसाठी उचललेले धनुष्य त्या दिवशी जुलूम करणाऱ्याच्या डोक्यावर बसले. पुढे याच हमजांच्या नावाभोवती परी, देव आणि अय्यार यांची प्रचंड दास्तान उभी राहिली. अकबराने सोळाव्या शतकात तिची सुमारे चौदाशे चित्रे काढवून घेतली. त्या दास्तानीचा इतिहासाशी संबंध जवळजवळ नाही, पण लोकांना शिकारी वीर किती प्रिय होता हे तीवरून कळते.

कुरआनने शिकाऱ्याला वीरही ठरवले नाही आणि पापीही नाही. त्याने शिकारीला हद्द घातली. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या जनावराने पकडलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची मुभा आहे. त्याच सूरहमध्ये एहराम बांधलेला असताना जमिनीवरची शिकार करण्यास मनाई आहे. ही मनाई जाणूनबुजून मोडली तर त्या जनावराच्या तोडीची कुर्बानी द्यावी, नाहीतर गरिबांना जेवू घालावे किंवा रोजे ठेवावेत. शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून तुमची परीक्षा घेतली जाईल, असेही तिथे सांगितले आहे. जनावर दूर असताना न मारण्यात परीक्षा कसली? ते हाताशी असताना हात आवरणे ही खरी परीक्षा. हदीसमध्ये सजीव प्राण्याला निशाणेबाजीचे लक्ष्य करण्यास मनाई आहे. भुकेसाठी मारणे निराळे आणि करमणुकीसाठी मारणे निराळे, असा हा साधा हिशेब आहे. पुढची हजार वर्षे बादशहांनी हा हिशेब वारंवार मोडला आणि त्यांच्या कवींनी त्यांना तो वारंवार आठवून दिला.

याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे बहराम गूर. हा इराणचा सासानी राजा बहराम पाचवा. त्याची कारकीर्द इ. स. ४२० ते ४३८. 'गूर' म्हणजे रानगाढव. त्याच्या शिकारीचा त्याला एवढा नाद की ते त्याच्या नावालाच चिकटले. इराणी कलाकारांनी चांदीच्या ताटांवर, भिंतींवर आणि पुढे कागदावर शतकानुशतके त्याला शिकार करतानाच दाखवले. पण शायरांना या शिकाऱ्यापेक्षा त्याच्याबरोबर असलेल्या एका बाईत अधिक रस होता.

१०१० साली पूर्ण झालेल्या 'शाहनामा'त फिर्दौसी सांगतो की, बहराम सांडणीवर बसून शिकारीला निघाला, मागे वीणेसारखे वाद्य वाजवणारी आझादा होती. तिने अट घातली की, नर हरिणाची मादी करून दाखव, मादीचा नर कर, आणि एका हरिणाचा खूर त्याच्या कानाशी खिळवून दाखव. बहरामने बाणाने नराची शिंगे उडवली, मादीच्या डोक्यात दोन बाण रोवून तिला शिंगे दिली, आणि कान खाजवण्यासाठी हरिणाने पाय वर उचलताच खूर आणि कान एका बाणात जोडले. निशाणेबाजीचा कळस झाला. आझादाला मात्र त्या हरिणांची दया आली आणि तिने राजाला माणुसकी नसलेला म्हटले. राजाने तिला सांडणीवरून खाली ढकलले आणि सांडणीच्या पायाखाली तुडवले.

जवळजवळ दोनशे वर्षांनी, ११९७मध्ये, निजामीने 'हफ्त पैकर' लिहिले. त्याला हा शेवट पटला नसावा. त्याच्या कथेतील मुलीचे नाव फितना. राजाच्या नेमबाजीवर ती एवढेच म्हणते की, हा सरावाचा भाग आहे. संतापलेला राजा तिला ठार मारण्याचा हुकूम देतो, पण हुकूम मिळालेला सरदार तिला वाचवतो. ती एक वासरू रोज खांद्यावर घेऊन जिना चढते. वासराचा बैल होतो तरी ती त्याला उचलतच असते. राजा पाहून चकित होतो, तेव्हा ती त्याला त्याचीच गोष्ट ऐकवते. राजाला समजते आणि तो तिची माफी मागतो. १३०२च्या सुमारास आपल्या अमीर खुस्रोने 'हश्त बहिश्त' रचले. त्याची दिलाराम रानात टाकून दिली जाते, पण तिथे ती अशी गायनविद्या शिकते की, तिच्या सुरांनी हरिणे झोपी जातात आणि तिच्याच सुरांनी पुन्हा जागी होतात. म्हणजे राजाला जे बाणाने साधत नाही ते तिला बाणाशिवाय साधते.

तीनशे वर्षांत तीन कवींनी एक गोष्ट बदलत नेली. पहिल्यात दया दाखवणारी मारली गेली, दुसऱ्यात ती शहाणी ठरली, तिसऱ्यात ती राजापेक्षा थोर कलावंत ठरली. राजदरबारात राहून, राजाच्या पैशावर लिहिणाऱ्यांनी हे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिवाय फारसीत 'गूर' या शब्दाचा दुसरा अर्थ कबर. जन्मभर गूर धरणाऱ्याला शेवटी गूरने धरले, हा श्लेष कवींनी सोडला नाही. निजामीचा बहराम रानगाढवाच्या मागे एका गुहेत शिरतो तो परत येतच नाही.

हिंदुस्थानात मोगलांनी शिकारीला राज्यकारभाराचा दर्जा दिला. अबुल फजलने 'आईने अकबरी'त शिकारीवर स्वतंत्र आईन लिहिला आहे. त्याचे म्हणणे असे की, वरवर पाहणाऱ्यांना ही मौज वाटते, पण बादशहा शिकारीच्या निमित्ताने अचानक मुलखात जाऊन रयतेची हालहवाल पाहतो, जुलूम आणि महसूल यांची चौकशी करतो. यात काही तथ्य असेलही. पण शिकारीचा मोठा प्रकार म्हणजे 'कमरगाह', आणि तो मोगलांच्या तुर्की-मंगोल पूर्वजांकडून आलेला युद्धाचा सराव होता. हजारो हाकारे मैलोगणती वर्तुळ करीत आणि कित्येक दिवस ते आवळत आणत. शेवटी कोंडलेल्या जनावरांत आधी बादशहा उतरे, मग अमीर, मग शिपाई. १५६७ साली लाहोरजवळ अकबराने असा प्रचंड कमरगाह केला होता.

अकरा वर्षांनी, १५७८च्या उन्हाळ्यात, झेलम नदीकाठी भेऱ्याजवळ पुन्हा कमरगाह मांडला गेला. हाकारे लागले, वर्तुळ आवळत आले, आणि एका झाडाखाली बसलेल्या अकबराला एकाएकी काहीतरी झाले. काय झाले हे कोणालाच नीट सांगता आले नाही. अबुल फजल याला ईश्वरी साक्षात्कार म्हणतो. अकबरावर नेहमी टीका करणारा बदायुनीही बादशहाच्या मनाची काही विलक्षण अवस्था झाल्याचे नोंदवतो. बादशहाने शिकार थांबवली, कोंडलेली जनावरे सोडून देण्याचा हुकूम दिला, फकिरांना सोने वाटले. अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन साक्षीदार एकाच प्रसंगाची ग्वाही देतात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. माणसाच्या हातात हजारो जीव आले आणि त्याने हात आवरला. माइदामधील परीक्षेची आठवण व्हावी असाच हा प्रसंग आहे.

जहांगीरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. त्याने आपल्या 'तुझुक'मध्ये शिकारीचा हिशेबच दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरे आणि पक्षी मारले गेले, त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हातांनी मारले, आणि त्यात ८६ वाघ-सिंह होते. १६१७मध्ये नूरजहाँने सहा गोळ्यांत चार वाघ मारले, तेही त्याने कौतुकाने लिहून ठेवले. हाच बादशहा मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या काळविटाच्या मृत्यूने हळहळला. त्याने त्याच्या कबरीवर काळविटाच्या आकाराचा दगड बसवला, आणि त्या माळावर कोणीही काळविटाची शिकार करू नये, त्याचे मांस हिंदूला गाईच्या आणि मुसलमानाला डुकराच्या मांसासारखे समजावे, असे फर्मान काढले. लाहोरजवळ शेखुपुरा येथे हिरन मिनार आजही उभा आहे. नातू शुजा आजारी पडला तेव्हा, तो बरा व्हावा म्हणून, आपल्या हाताने कोणत्याही जिवाला इजा न करण्याचा नवसही जहांगीरने केला होता. तो त्याने काही वर्षे पाळला आणि शहजादा खुर्रमने बंड केल्यावर मोडला.

इथपर्यंत वाचून वाटेल की, हा कोमल मनाचा शिकारी आहे. पण याच 'तुझुक'मध्ये पाचव्या राज्यवर्षातील एक नोंद आहे. बादशहा नीलगाईवर नेम धरून बसला होता. तेवढ्यात एक मोतद्दार आणि दोन कहार समोर आले आणि नीलगाय पळाली. बादशहाने मोतद्दाराला जागच्या जागी ठार मारायला सांगितले. कहारांच्या पायांच्या शिरा तोडून, त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवायला सांगितले. काळविटाला कबर मिळाली, त्याच्यासाठी लेख कोरला गेला. या तिघांची नावेही बादशहाने लिहिली नाहीत.

जहांगीरच्या दरबारातला थोर चित्रकार अबुल हसन याच्या नावावर १६२०-२५च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण सोडतो आहे. लक्ष्य आहे दारिद्र्य, चित्रावरील लेखात त्याला 'दलिद्दर' म्हटले आहे. बादशहा गरिबी नाहीशी करीत आहे, असा चित्राचा हेतू. पण गरिबी काढायची कशी? चित्रकाराने ती एका काळ्या, हाडे निघालेल्या, उघड्या म्हाताऱ्याच्या रूपात काढली. त्यामुळे आज ते चित्र पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की, रत्ने ल्यालेला एक राजा एका भुकेल्या माणसाला बाण मारतो आहे.

राजशिकाऱ्यांच्या मालिकेत एकच असा आहे की, तो शिकारीवरून परतला तो राजवाड्यात गेलाच नाही. बल्खचे इब्राहीम बिन अदहम आठव्या शतकातले. अत्तारच्या 'तजकिरतुल औलिया'मुळे त्यांची कथा खेडोपाडी पोचली. शिकारीच्या मागे घोडा पिटाळत असताना त्यांना आवाज आला की, तुला याच कामासाठी निर्माण केले होते काय? त्यांनी आपले कपडे एका धनगराच्या कपड्यांशी बदलले आणि ते निघून गेले. पुढे मोलमजुरी करून, शेताची आणि बागेची राखण करून ते जगले. अकबर भेऱ्याहून परतला तो पुन्हा बादशहाच होता, पुढे त्याची शिकारही पूर्णपणे सुटली नाही. इब्राहीम बिन अदहम मात्र बदलले. कारण कपडे बदलताना ते शिकाऱ्याच्या बाजूने उठून धनगराच्या बाजूला गेले होते.

आता दुसऱ्या शिकाऱ्याकडे, म्हणजे पारध्याकडे वळू. राजांच्या कथेत शिकारी हा नायक असतो, बोधकथेत तो खलनायक असतो. 'पंचतंत्र' पहलवीतून अरबीत गेले आणि आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने त्याचे 'कलीला व दिम्ना' केले. त्यात कबुतरांवर जाळे टाकणारा पारधी येतो. कबुतरे एकजुटीने जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळे कुरतडतो, आणि पारधी रिकाम्या हाताने उभा राहतो. मुलांना आपण एकीचे बळ शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री पारध्याच्या घरी चूल पेटली का, हे कोणी विचारत नाही. रामायणाच्या प्रारंभी क्रौंच पक्ष्याला मारणारा निषाद येतो आणि शाप घेऊन जातो. दशरथ राजाने शिकारीच्या नादात श्रावणाला मारले, त्यालाही शाप मिळाला, पण दशरथ कथेत राहिला, त्याला नाव आहे, दुःख आहे. निषादाला यातले काहीच नाही.

तरीही याच मातीत एक वेगळी कथा टिकून आहे आणि ती दोन्ही घरांत आहे. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'त (१७१८) दुसऱ्या अध्यायात व्याध आणि हरिणीची कथा येते. महाशिवरात्रीला महाराष्ट्रात ती घरोघर वाचली जाते. व्याध बेलाच्या झाडावर दबा धरून बसला आहे, घरी मुले उपाशी आहेत. हरिणी पाण्यावर येते आणि विनवते, मला जाऊ दे, मी परत येईन. तो तिला जाऊ देतो. पहाटे ती आपल्या कुटुंबासकट परत येते आणि त्याचे धनुष्य खाली येते.

आमच्या घरांत, विशेषतः दख्खनी बोलणाऱ्या घरांत आणि मिलादच्या बैठकींत, तीच हरिणी पैगंबरांच्या कथेत येते. शिकाऱ्याने तिला बांधून ठेवले आहे. ती हजरत पैगंबरांना हाक मारते, पाडसे भुकेली आहेत, त्यांना दूध पाजून परत येईन असे म्हणते. शिकारी म्हणतो, ही परत येईल याची हमी कोण देणार? पैगंबर (स.) स्वतः जामीन राहतात. हरिणी जाते आणि बोलल्याप्रमाणे परत येते. शिकाऱ्याचे मन पालटते आणि तो तिला मोकळी करतो. हदीसचे अनेक जाणकार ही कथा प्रमाण मानत नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. पण लोकांनी ती का जपली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. इराणात अशीच कथा इमाम अली रजा यांच्याविषयी सांगतात, म्हणून त्यांना 'जामिन-ए-आहू', हरिणीचे जामीन, म्हणतात. आपल्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर नाणे बांधतात, त्या 'इमाम जामिन'मधील इमाम ते हेच. मुलगा परगावी निघताना त्याच्या दंडाला ती चिंधी बांधणाऱ्या किती आयांना ठाऊक असेल की, तिच्यामागे एक हरिणी आणि एक शिकारी उभा आहे?

या दोन्ही कथांतला शिकारी राजा नाही. तो पारधी आहे. त्याला शिकारीचा शौक नाही, त्याला भूक आहे. म्हणूनच त्याचा त्याग राजाच्या त्यागापेक्षा मोठा आहे. अकबराने जनावरे सोडली त्या रात्री शाही मुदपाकखाना बंद पडला नाही. व्याधाने हरिणी सोडली त्या दिवशी त्याची मुले उपाशीच राहिली. बोधकथेने ज्याला मन नाकारले त्याला लोककथेने मन दिले. आणि आमच्या कथेने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे जामीन. संशय घेणारा आणि ज्याच्यावर संशय आहे तो, यांच्यामध्ये आपली अब्रू गहाण ठेवून उभा राहणारा कोणीतरी.

इंग्रजी अमलात मात्र बोधकथेचा पारधीच खरा मानला गेला. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. साहेबाला आणि संस्थानिकाला मोकळीक होती. त्यामुळे रानातला 'स्पोर्ट्समन' कोण आणि चोर कोण, हे हत्यारावरूनच ठरू लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. ते मारणाऱ्यांत इनाम घेणारे गावकरी शिकारीही होते, पण फोटो निघाले ते साहेबांचे आणि राजांचे. पारधी तितर, लावे, ससे फाशात धरीत, बैलाच्या नाहीतर गाईच्या आडोशाने दबकत हरिणाजवळ जात. त्यांच्यातले चित्तापारधी तर राजेरजवाड्यांसाठी चित्ते पकडून, माणसाळवून देणारे कसबी लोक होते. १८७१मध्ये उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती इतर प्रांतांत वाढली. त्यात पारध्यांची गणना झाली. या कायद्यात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नव्हता, जन्म पुरेसा होता. नाव हाच पुरावा ठरला की माणसाचे काय होते, हे आमच्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात महाराष्ट्रात एक अपवाद घडला आणि तो घडवणारा स्वतः नामांकित शिकारी होता. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांना चित्त्यांकरवी हरिणाची शिकार करण्याचा शौक होता. तिथे चित्त्यांची निगा राखणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि ही कामगिरी करणारी घरे मुसलमानांची होती. चित्ते देशात मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. पण शाहू महाराजांचे मोठेपण चित्त्यांत नाही. रानात फिरताना दिसणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी चोर म्हणून हाकलले नाही. त्यांना जागा दिली, काम दिले, पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून राखण करायची असे सगळे सांगत होते, त्यांनाच राखणदार केले. १९१८मध्ये त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींची रोजची हजेरी आपल्या संस्थानात बंद केली. आपल्या कथेतला शब्द वापरायचा तर एक शिकारी पारध्याला जामीन राहिला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. त्याच वर्षी भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. जमाती कागदावर विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले आणि गावाची नजर जुनीच राहिली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते, त्याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण या बंदीने राजाचा शौक गेला आणि पारध्याचा धंदा गेला, हे दोन तोटे सारखे नव्हेत. राजाला दुसरे उद्योग होते. पारध्याला शेत नव्हते, शाळा नव्हती, उसनवार देणारा शेजारीही नव्हता.

लोकांच्या मनातले चित्र मात्र फारसे हलले नाही. जिम कॉर्बेटचे १९४४चे नरभक्षक वाघांवरील पुस्तक आजही आवडीने वाचले जाते, आणि कॉर्बेट मोठा माणूस होता यात वाद नाही. हिंदी चित्रपटातील ठाकुराच्या हवेलीत भिंतीवर वाघाचे मुंडके असते. पण पोटासाठी जनावर धरणारा माणूस पडद्यावर यायला नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'पर्यंत (२०१३) वाट पाहावी लागली. तिथेही कैकाडी कुटुंब डुक्कर पकडत असते तेव्हा गाव भोवती जमून हसत असते. मोगलांचा कमरगाह आणि हे हसणाऱ्यांचे कडे यांत आम्हांला फार अंतर दिसत नाही.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. देशाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले, त्यांना नावे दिली. आम्हांला अबुल फजलने वर्णिलेला अकबराचा सरदार चित्ता समंद माणिक आठवला. तो पालखीतून निघे, त्याच्या बाजूने नोकर धावत आणि पुढे नगारा वाजे. चित्ता परत यावा, त्याचे नाव घेतले जावे, यात काहीच गैर नाही. पण ज्यांच्या हातांनी कधी काळी हे चित्ते पकडले, शिकवले, खाऊपिऊ घातले, त्या चित्तापारध्यांची आणि चित्तेवानांची आठवण त्या दिवशी फार थोड्यांना झाली असेल.

शिकाऱ्याच्या या साऱ्या कथा पुन्हा चाळताना आमच्या मनात एकच गोष्ट ठसली. राजाने बाण आवरला तर इतिहास त्याची नोंद करतो. पारध्याने आवरला तर फक्त लोककथा त्याची आठवण ठेवते, आणि लोककथेला कचेरीत किंमत नसते. हरिणीच्या कथेत पैगंबर हरिणीला जामीन राहिले हे आपण मुलांना सांगतोच. कथेचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. शिकाऱ्याने ती हमी मानली, तो वाट पाहत थांबला आणि शेवटी बदलला. म्हणजे त्या कथेने हरिणीवर विश्वास ठेवला तसा शिकाऱ्यावरही ठेवला. आज गावाबाहेरच्या पालातल्या पोराला शाळेत नाव घालायचे असते, कोणाला खोली भाड्याने हवी असते, कोणाला चोरीच्या नुसत्या संशयावरून उचलून नेलेले असते. अशा वेळी त्याला जामीन हवा असतो, आणि तो सहसा मिळत नाही. स्वतःविषयी घेतला जाणारा संशय ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनी तरी त्याच्यासाठी पुढे व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.